झिलईची मजुरी

सांगली, मिरज, कोल्हापूरकडे शिकलगार हे आडनाव पुष्कळ आढळतं. नववीच्या वर्गात शब्दांची मुळं शिकवताना मी ते हमखास फळ्यावर लिहिते. अरबीत ‘सैकल’ म्हणजे धातूला चकाकी आणणं. त्याला फारसीचा ‘गर’ जोडला की सैकलगर, आणि मराठीत येता येता त्याचा झाला शिकलगार. तलवारी, खंजीर, भाले घासूनपुसून त्यांना धार आणि पाणी देणारा माणूस. शिखांमधले सिकलीगर हे त्याच शब्दाचे दुसरे वारस. मराठीतली झिलई ही उर्दूतली जिला, आणि कल्हई ही कलई. लोखंड, तांबं, पितळ चमकवण्याचं काम ज्यांच्या हातात होतं, त्यांची भाषाही कामासोबत मराठीत येऊन राहिली, हे मुलांना सांगताना मला बरं वाटतं.

मग एखादा मुलगा विचारतो, आता शिकलगार काय करतात?

आडनावाचे शिकलगार शिक्षक आहेत, ड्रायव्हर आहेत, दुकानदार आहेत.  पण कामाचा शिकलगार अजून जिवंत आहे, फक्त तलवारीच्या जागी स्टीलची टोपं आली आहेत. मुंबईच्या तांबाकाट्यावर किंवा आपल्या मालवणच्या बाजारपेठेत जो स्टीलचा डबा आरशासारखा लखलखताना दिसतो, ती लखलख कारखान्यातून आपोआप बाहेर पडत नाही. स्टीलचा पत्रा गोल कापून, प्रेसखाली दाबून भांडं तयार होतं तेव्हा ते मळकट, ओरखड्यांचं असतं. त्यानंतर त्याला एक माणूस हातात धरतो.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे शेकडो लहान गाळे आहेत. माझा एक जुना विद्यार्थी तिथे पॉलिशवर आहे. काही वर्षांपूर्वी एका लग्नाला मीरा रोडला गेले होते, तेव्हा हट्ट करून त्याचा गाळा पाहून आले. आत मोटरच्या दोन्ही टोकांना दोन चाकं. पहिल्या चाकाला सरस लावून कुरुंदाची पूड चिकटवलेली, ती घासायला. दुसरं कापडाच्या थरांचं, त्याला बफ म्हणतात. त्यावर साबणाच्या वडीसारखी दिसणारी पॉलिशची वडी टेकवायची आणि भांडं दाबून धरायचं. चाक मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतं. भांड्याची कड चुकून चाकात अडकली तर भांडं हातातून सुटून कुठेही जाऊन आदळतं. हातमोजे घातले तर मोज्यासकट बोटं ओढली जाण्याची भीती, नाही घातले तर तापलेलं स्टील चटके देतं. म्हणून बोटांना चिंध्या. तोंडाला फडकं. त्या फडक्याच्या वर दोन डोळे, बाकी सगळं काळं. कुरुंद, स्टीलचा कीस, बफच्या कापडाचे तंतू आणि साबणाचा मेणचट धूर, हे सगळं मिळून झालेला तो काळा रंग आहे.

गाळ्यात गुळाचा डबा होता. धूळ पोटात जाते म्हणून गूळ खायचा, असं मला सांगण्यात आलं. धूळ पोटात नाही, फुप्फुसात जाते, आणि तिथे गूळ पोचत नाही. पण गूळ स्वस्त असतो आणि धूळ ओढून घेणारा पंखा महाग.

आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. या मुलाचा धाकटा भाऊ यंदा माझ्याकडे दहावीला आहे. परीक्षा झाली की भाईंदरला जाणार म्हणतो. कॉलेज नको, आयटीआय नको. मी कारण विचारलं तर म्हणाला, “मॅडम, भाई महिन्याला वीस-बावीस हजार काढतो.” आवाजात अभिमान होता आणि तो रास्त होता. मी भावालाही फोन केला. त्याचं उत्तर चार शब्दांचं होतं. “पगार नाय मॅडम. नगार.”

पगार नाही, नगावर. या दोन भावांच्या दोन वाक्यांत जे अंतर आहे त्याबद्दल मला बोलायचं आहे.

मी गणित शिकवत नाही, पण हा हिशेब उर्दूच्या तासालाही जमतो. समजायला सोपं जावं म्हणून गोल आकडे घेते, कुणाचे खरे दर म्हणून वाचू नका. समजा एका डब्याच्या पॉलिशला ४ रुपये. दिवसात २०० डबे झाले तर ८०० रुपये. महिन्याचे २६ दिवस भरले तर २०,८००. धाकट्याचा अभिमान इथपर्यंत येऊन थांबतो. आता पुढे चला. हे २०० डबे किती तासांत? बारा. कायद्याचा कामाचा दिवस आठ तासांचा, आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. म्हणजे आठ तास साधे आणि चार तास दुप्पट, एकूण सोळा तासांचा मोबदला बारा तासांच्या कामाला मिळायला हवा. ८०० ला सोळाने भागा. ५० रुपये. म्हणजे या माणसाचा आठ तासांचा खरा रोज ४०० रुपये पडला. महानगरात, चाकासमोर, काळा होऊन. आमच्या गावी रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ चा दर ३१२ रुपये आहे, आणि तिथे माणूस मोकळ्या हवेत माती उचलतो.

शिवाय २६ दिवस कुठे भरतात? भांड्यांचा धंदा धनत्रयोदशी आणि लग्नसराईवर चालतो. दिवाळीआधी रात्री जागून काम, आणि पावसाळ्यात चाकं थंड. वीज गेली की नग थांबले. नगाला पोचा पडला तर तो मोजत नाहीत. काही गाळ्यांत बफ आणि वडी कारागिराने आणायची असते, हेही त्या मुलाने सांगितलं. उचल घेतली असेल तर ती आधी कापली जाते. वीस दिवस काम मिळालं असं धरलं तर २०,८०० चे १६,००० होतात, त्यातून खोलीचं भाडं आणि खानावळ वजा करा. घरी जे येतं ते मी पाहते, कारण धाकट्याची वह्या-पुस्तकं त्यातूनच येतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. नगावर काम हे मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. हाताला वेग असलेल्या कारागिराला नगच परवडतो, तो रोजावर जायला तयार होत नाही, हे मी त्या गाळ्यातच ऐकलं. आणि मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला बांधील पगाराशिवायची कमाई काय असते हे सांगायला नको. रापण ओढायला गेलेल्या कुणाला महिन्याचा पगार असतो? अर्धवर्तुळात जाळं टाकायचं, दोन्ही बाजूंनी माणसांनी दोर ओढायचे, आणि जे काय मिळेल त्याचे वाटे. कधी टोपल्या भरून, कधी कालवणापुरतंसुद्धा नाही. पण वाटे वाळूवर सगळ्यांसमोर पडतात. जाळ्याचा वाटा किती, होडीचा किती, ओढणाऱ्याचा किती, हे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मासळी किती मिळेल ते दर्याच्या हातात, वाटणी कशी होईल ते माणसांनी आधीच ठरवलेलं. गाळ्यात नेमकं उलटं आहे. डबे किती होणार हे सगळ्यांना माहीत, दर काय लागणार हे शेठच्या तोंडात. या आठवड्यात चार, पुढच्या आठवड्यात माल साधा आहे म्हणून साडेतीन.

उर्दूत मजुरीला उजरत म्हणतात. ज्या मुळापासून अज्र, म्हणजे अल्लाहकडून मिळणारा मोबदला, हा शब्द येतो त्याच मुळापासून उजरत. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात लहानपणापासून ऐकतो. तिची दुसरी बाजू मात्र मिंबरवरून क्वचित ऐकू येते. फिक्हच्या किताबांत इजारा, म्हणजे मजुरीचा आणि भाड्याचा करार, यावर स्वतंत्र प्रकरण असतं, आणि त्यातली मोठी अट अशी की उजरत आधी ठरलेली आणि दोघांना माहीत असलेली हवी. ती अंधारात राहिली तर करारातच खोट येते. वेळेवर द्या हे आपण सांगतो. काय देणार ते आधी सांगा, हे सांगायला विसरतो. गाळ्यांचे मालक सगळ्या धर्मांचे आहेत, आपलेही आहेत, म्हणून हे लिहिलं.

कायदाही हेच म्हणतो, आणि आजचा नाही, १९४८ पासूनचा. किमान वेतन कायद्यात एक कलम होतं, १७ क्रमांकाचं. नगावर काम करणाऱ्याला, त्या कामासाठी नगाचा किमान दर ठरवलेला नसेल आणि वेळेचा ठरवलेला असेल, तर वेळेच्या किमान दरापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही. साध्या भाषेत, डबे मोजा, पण दिवसाची किमान मजुरी भरलीच पाहिजे. वेतन संहिता २०१९ मध्ये ही तरतूद जशीच्या तशी आली, आणि ती संहिता इतर तीन संहितांसोबत २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाली. जुन्या कायद्यात सरकारने यादीत घातलेल्या उद्योगांनाच किमान वेतन होतं, नव्यात ते सगळ्या कामांना आहे. ही सुधारणा चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही.

त्याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या संहितेने मात्र कारखान्याची व्याख्या बदलली. आधी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरायचा, आता वीस लागतात. पॉलिशच्या गाळ्यात सहा-आठ माणसं असतात. जुन्या व्याख्येतही ते बाहेरच होते, आता आणखी लांब गेले. कारखाना नाही म्हणून धूळ खेचणाऱ्या यंत्रणेची सक्ती नाही. दहा माणसं नाहीत म्हणून राज्य विमा योजना नाही. खोकला झाला की सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी होते. धुळीने झालेल्या फुप्फुसाच्या आजारावर क्षयाची औषधं चालू राहणं ही आपल्या देशात जुनी गोष्ट आहे, दगडखाणींच्या भागात तर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली.

आणि किमान वेतनाचं काय? नगाची मजुरी दिवसाच्या मजुरीशी ताडून पाहायची तर दोन आकडे एकाच कागदावर लागतात. नग किती, आणि तास किती. गाळ्यात नगांची वही असते, कारण ती शेठला हवी असते. तासांची वही नसते. बस, एवढी एक वही नसल्यामुळे ७५ वर्षांहून जुनं कलम निकामी झालं आहे. तो मुलगा बारा तास काम करतो हे सिद्ध करणारा एकही कागद जगात नाही.

मी याची तुलना माझ्या पहिल्या नोकरीशी करते. बी.एड. करून मी माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिन्याचं मानधन ४,००० रुपये होतं. तीन वर्षं त्यात काढली. कमी होतं, पण ते शासन निर्णयात छापलेलं होतं. सिंधुदुर्गात तेवढंच, गडचिरोलीत तेवढंच. म्हणून त्यावर बोलता येत होतं, मोर्चे निघत होते, कोर्टात जाता येत होतं. २०२३ मध्ये माध्यमिकचं मानधन ८,००० वरून १८,००० झालं ते सगळ्यांचं एकाच दिवशी झालं. छापलेला आकडा कमी असला तरी त्याच्याशी भांडता येतं. तोंडी दराशी कसं भांडणार? भांडणारा एकटा असतो आणि मोटरच्या दुसऱ्या टोकाला बसायला कुणीतरी तयार असतो.

अमेरिकेचं श्रम सांख्यिकी खातं दरवर्षी एक तक्ता काढतं. धातू घासणाऱ्या आणि पॉलिश करणाऱ्या यंत्रावरच्या कामगाराला कुठल्या महानगरात तासाला किती मिळतात, सगळ्यात कमी मिळवणाऱ्या दहा टक्क्यांना किती, मधल्याला किती, सगळं वेगवेगळं. तिथले कामगार सुखात आहेत असं मला म्हणायचं नाही. पण तिथल्या एखाद्या गावातल्या शिक्षिकेला तिचा विद्यार्थी म्हणाला की मी शहरात पॉलिशच्या कामाला जातो, तर ती तक्ता उघडून दाखवू शकते. आपल्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातही या कामाला क्रमांक आहे, ७२२४. धातू पॉलिश करणारे, चाकावर घासणारे, हत्यारांना धार लावणारे. म्हणजे शिकलगार. क्रमांक देऊन झाला आहे. त्या क्रमांकापुढे भाईंदरची मजुरी लिहायची राहिली आहे. आपली श्रमबल पाहणी माणसाला तीन कप्प्यांत टाकते: पगारदार, रोजंदार किंवा स्वतःचं काम करणारा. नगावरचा पॉलिशवाला यातल्या कुठल्या कप्प्यात नीट बसतो ते तुम्हीच ठरवा.

मग करायचं काय? इथे मला बाहेर कुठे बघायची गरज वाटत नाही, कारण उत्तर मुंबईतच, त्याच पोलादाच्या बाजारात आहे.

१९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील आणि गोदीत, बाजारात पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांचा लढा होता. त्या हमालांची मजुरीसुद्धा पगार नव्हती, ती गोणीवर होती, टनावर होती. मालक कोण हेही ठरत नव्हतं, आज या पेढीचा माल, उद्या त्या पेढीचा. ‘हे आमचे कामगार नाहीत’ असं म्हणायला सगळे मोकळे. कायद्याने टनाचा दर मोडला नाही. दर ठरवून लिहिला, आणि मजुरी हमालाच्या हातात न देता मंडळाकडे भरायला लावली, वर लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्ट्या, औषधपाणी. मुंबईचं लोखंड आणि पोलाद कामगार मंडळ हे या मंडळांतलं सगळ्यात आधीच्यांपैकी एक. नवी मुंबईत माथाड्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, कोपरखैरण्याला त्यांचं रुग्णालय आहे. गावाकडून आलेल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी हे मिळवलं.

आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. पोलादाचा पत्रा ट्रकमधून उतरवणाऱ्या नोंदणीकृत माथाड्याच्या नावावर मंडळात खातं आहे. तोच पत्रा पुढे गाळ्यात जातो, त्याचा डबा होतो, आणि त्या डब्याला झिलई देणाऱ्याच्या नावावर काही नाही. दोघेही नगावरचे. दोघांचेही मालक अनेक. फरक एवढाच की एकाचा दर १९६९ नंतर कागदावर आला.

माथाडी मंडळं आदर्श चालतात असं कुणी म्हणणार नाही. खोट्या माथाड्यांच्या नावाने खंडणी मागण्याच्या तक्रारी आहेत, लेव्ही थकवणारे आहेत. पण त्यावर उपाय मंडळ सुधारणं हा आहे. या राज्याने १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही अशीच मंडळं काढणारा कायदा केला. पॉलिश, बफिंग, घासाई करणाऱ्या कामगारांसाठी मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्यात असं मंडळ का नको? भांड्यांच्या आकाराप्रमाणे नगाचे किमान दर, आठ तासांत सरासरी हाताने जेवढे नग होतात त्यावर काढलेले आणि किमान वेतनाला भिडणारे. आणि लेव्ही गाळेवाल्यावर नको, माल काढून नेणाऱ्या व्यापाऱ्यावर हवी.

हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. गाळेवाला बहुतेक वेळा स्वतःच दुसऱ्याचं काम दरावर करत असतो. त्याला डब्यामागे जे मिळतं त्यातूनच तो देतो. ‘मी चार ऐवजी सहा दिले तर शेठ माल दुसऱ्या गाळ्यात नेईल’ ही त्याची भीती खोटी नाही. म्हणूनच दर एका गाळ्यात वाढत नाही, सगळ्या पट्ट्यात एकदम वाढवावा लागतो, आणि ते सरकारशिवाय होत नाही. डबा दोन-तीन रुपयांनी महागेल. लग्नात नाव घालून दिलेल्या भांड्यांच्या ढिगाकडे पाहून सांगा, तुम्हाला ते जाणवेल का?

१९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या कलमातली वेठबिगारी आहे असा निकाल दिला. माणूस आपल्या पायांनी कामावर आला तरी. भूक आणि गरिबी हीसुद्धा जबरदस्तीच आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. १९९१ मध्ये त्याच न्यायालयाने किमान वेतन ठरवताना मुलांचं शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण यांसाठी पंचवीस टक्के धरले पाहिजेत असंही सांगितलं. माझ्या वर्गातल्या त्या मुलाचं शिक्षण त्या पंचवीस टक्क्यांत आहे. म्हणजे असायला हवं होतं. भावाच्या मजुरीत ते असतं तर धाकटा परीक्षेनंतर कॉलेजात गेला असता, निदान आयटीआयला. तिथे मशिनिस्ट ग्राइंडर म्हणून दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. चाक तेच, फक्त हातात प्रमाणपत्र येतं आणि चाकाला झाकण असतं.

जाता जाता एक गोष्ट. २६ ऑगस्ट २०२४ ला आमच्या मालवणात राजकोटावरचा महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा गंज, वेल्डिंग, नटबोल्ट हे शब्द इथल्या चहाच्या टपरीवरही पोचले. पुतळा कुणी घडवला, कंत्राट कुणाचं, पैसा किती, सगळं विचारून झालं. सांधे जोडणाऱ्या आणि त्यावर ग्राइंडर फिरवणाऱ्या हातांना रोज काय मिळत होता, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही, तेव्हा सुचलंच नाही. धातूचं काम चकचकीत झालं की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो, काम बिघडलं तरी दिसत नाही.

सरकार मंडळ काढेल तेव्हा काढेल. आपल्या कोकणातल्या गावागावांच्या जमाती आहेत, मुंबईत त्यांच्या शाखा आहेत, तशीच हिंदू गाववाल्यांची मंडळं आहेत. मयत पोचवायला, वह्या वाटायला, स्कॉलरशिपला आपण पैसे जमवतो. त्यांच्या कार्यालयात एक वही ठेवायला काय हरकत आहे? कुठल्या कामाला, कुठल्या भागात, नगाला काय दर, किती तास, बफ कुणाचा, उचल कशी कापतात. नावं नकोत, गाळ्याची नको, माणसाची नको. शंभर जणांनी लिहिलं तरी गावातून निघणाऱ्या पोराला निदान माहीत असेल की तो कुठे चालला आहे. आणि उद्या कामगार आयुक्तांकडे जायचं झालं तर हातात काहीतरी असेल.

धाकट्याला मी जाऊ नको असं सांगितलं नाही. माझ्या सांगण्याने घर चालत नाही. मी त्याला पाच प्रश्न वहीत लिहून दिले, मराठीत आणि उर्दूत, आणि म्हटलं, भाईला विचारून उत्तरं आण. नगाचा दर काय. तो कधी आणि कुणी बदलतो. दिवसाचे तास किती. खोकला किती दिवसांपासून आहे. तास लिहून ठेवायला स्वतःची एक छोटी वही करशील का.

चार उत्तरं दुसऱ्या दिवशी आली. पाचव्यापुढे जागा कोरी होती. मी विचारलं तर म्हणाला, “भाई म्हणाला, वही दिसली तर शेठ दुसऱ्याला बसवेल.” मग थोड्या वेळाने, दफ्तर भरता भरता, “पण मॅडम, तास मी इथून लिहू शकतो. भाई सुटला की रोज फोन करतो.”

ती वही आता त्याच्याकडे आहे. पहिल्या पानावर सात तारखा आहेत. तासांच्या रकान्यात बारा, बारा, तेरा, बारा, अकरा, चौदा, आणि एक शून्य. शून्याच्या पुढे लिहिलंय, लाइट नव्हती.